मल्लखांब: निफाडच्या मातीतला खेळ, आता आपल्या लेकींचा

नाशिकच्या इंदिरानगरातून आम्ही तुमच्याशी बोलतोय. चूल विझवून, गोठा आवरून, किंवा गटाच्या बैठकीत फोन मध्ये ठेवून तुम्ही ऐकत असाल. पाच मिनिटं बसा, पाय लांब करा. आजचा विषय जरा निराळा आहे.

एका गावातल्या बचत गटाने आम्हाला विचारलं आहे, "आमच्या शाळेत मुलींना मल्लखांब शिकवायचं चाललंय. काही सासवा म्हणतात, हा पैलवानांचा खेळ, पोरींनी खांबावर कशाला चढायचं? काही आया म्हणतात, शिकू दे. आम्ही काय सांगावं? आणि हा खेळ मुळात आला कुठून?"

प्रश्न दोन आहेत, पण ते एकमेकांत गुंतलेले आहेत. एखादी गोष्ट कुठून आली, कुणी केली, कशासाठी केली, हे कळलं की ती आता कुणाची आहे हेही सांगता येतं. म्हणून आज आधी मुळाकडे जाऊ आणि मग मुलींकडे येऊ.

मल्लखांब म्हणजे नेमकं काय

नावातच अर्थ आहे. मल्ल म्हणजे कुस्ती खेळणारा. त्याचा खांब तो मल्लखांब. कुस्तीत समोर माणूस लागतो. पण रोज पहाटे समोर जोडीदार मिळेलच असं नाही, आणि मिळाला तरी दोघंही दमतात, दुखावतात. खांब दमत नाही, रागवत नाही, रुसत नाही. त्याला मिठी मारा, पायाने विळखा घाला, उलटे व्हा, पुन्हा सरळ व्हा. कुस्तीत जी पकड लागते, जो चपळपणा लागतो, तो या खांबावर तयार होतो. म्हणून मल्लखांब ही लढाई नव्हे, लढाईची तयारी आहे.

खांब लाकडाचा असतो, शिसवीचा किंवा सागवानाचा. खाली जाड आणि वर निमुळता. वरच्या टोकाला गोल बोंड, त्याखाली बारीक मान. अडीच-तीन फूट जमिनीत पुरलेला आणि साधारण साडेआठ फूट वर. त्यावर एरंडेल तेल चोळतात, म्हणजे अंग घासलं तरी सालटं निघत नाहीत. पण तेलामुळे खांब निसटता होतो, मग पकड खरी लागते. आपण तेलकट हाताने बरणीचं झाकण उघडतो तेव्हा किती जोर लावतो, आठवा. इथे तसंच सगळ्या अंगाने करायचं असतं.

खांबाचे मुख्य तीन प्रकार. पहिला पुरलेला मल्लखांब. दुसरा टांगता, तो वर कडीला अडकवलेला असतो आणि आपल्या वजनाने फिरतो, हलतो. तिसरा दोरीचा. यात खांबच नाही, वरून सोडलेली बोटाएवढी जाड सुती दोरी असते. तिला गाठ मारलेली नसते. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत दोरी धरून मुलगी वर चढते, मग दोरी कमरेला, मांडीला, पोटरीला वेटाळून वर आसनं करते.

पूर्वी दोरीच्या जागी वेत असे. लवचिक, लांब वेत टांगून त्यावर कसरत करायचे. तसा चांगला वेत मिळेनासा झाला आणि सुती दोरी आली. म्हणजे हा खेळ जे हाताशी मिळालं त्यातून बदलत आलेला आहे. आपल्या स्वयंपाकासारखंच आहे हे. एक जिन्नस नसला की बाई हातावर हात धरून बसत नाही, दुसरा घालते.

खांबावरच्या प्रकारांची नावंही ऐकण्यासारखी आहेत. अढी म्हणजे पायाचा विळखा घालून उलटं लटकणं. मग तेढी, बगली, दसरंग, फिरकी, वेल, सुईदोरा. सुईदोऱ्यात हातांनी खांब धरायचा आणि त्या हातांच्या मधून, सुईच्या नेढ्यातून दोरा निघावा तसं अंग काढायचं. ही सगळी घरातली, शेतातली नावं आहेत. ज्यांनी हा खेळ घडवला ते आपल्यासारखीच भाषा बोलणारे लोक होते, हे या नावांवरूनच कळतं.

कोठुऱ्याचे बाळंभटदादा

आता मुळाकडे जाऊ. खांबावर मल्लांनी मेहनत करायची पद्धत जुनी आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. राज्य कसं करावं, हत्ती कसे पाळावेत, जेवणात काय असावं, इथपासून करमणुकीपर्यंत सगळं त्यात आहे. कुस्तीच्या तयारीत खांबावरच्या मेहनतीचाही त्यात उल्लेख येतो. त्या राजाची राजधानी, आजचं बसवकल्याण, आता कर्नाटकात बिदर जिल्ह्यात आहे. पण त्या काळी महाराष्ट्राचा मोठा भाग त्याच राज्यात होता.

मग कित्येक शतकं या खांबाचं नाव फारसं ऐकू येत नाही. ते पुन्हा ऐकू येतं ते आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या माणसामुळे. त्यांचं नाव बाळंभटदादा देवधर. गाव कोठुरे, तालुका निफाड, गोदावरीच्या काठी. आपल्यापैकी कितीतरी जणींचं माहेर त्या भागात आहे. द्राक्षाच्या छाटणीला, कांदा काढायला, ऊसतोडीला आपण त्या रस्त्यांनी गेलेल्या आहोत. पण आज जगात जिथे जिथे मल्लखांब चालतो, तिथल्या परंपरेचा धागा मागे ओढत नेला तर तो या गावच्या माणसापाशी येतो, हे आपल्याला शाळेत फारसं कुणी सांगितलेलं नाही.

बाळंभटदादा अठराव्या शतकाच्या अखेरीस जन्मले आणि दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी व्यायामाचे गुरू होते. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. निजामाच्या हैदराबादेहून अली आणि गुलाब नावाचे दोन बलाढ्य पैलवान पुण्याला आले. जागोजागी कुस्त्या जिंकत ते आले होते. त्यांनी पेशव्यांच्या दरबारात आव्हान दिलं. कुणी पुढे होईना. तेव्हा तरुण बाळंभटांनी ते आव्हान घेतलं आणि तयारीला थोडी मुदत मागितली. मग ते गेले वणीच्या गडावर, सप्तशृंगीला. तिथे त्यांनी देवीची उपासना केली. देवीच्या कृपेने मारुतीने वानराच्या रूपात खांबावर उड्या मारून, विळखे घालून त्यांना डाव दाखवले. परत आल्यावर त्यांनी गुलाबला चीत केलं, आणि ते पाहून अलीने माघार घेतली.

ही गोष्ट मल्लखांबाच्या आखाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. वणीची आई आपल्या सगळ्यांची. चैत्रात पायी जाणाऱ्या तर आपल्यात कितीतरी आहेत. म्हणून ही गोष्ट ऐकली की छाती भरून येते. ती आनंदाने सांगावी. पण तिच्यात इतिहास किती आणि श्रद्धा किती, हेही समजून घ्यावं. त्यासाठी थोडं दूर जाऊन येऊ.

चीनमधली पाहुणी घराणी

दक्षिण चीनमध्ये 'हक्का' नावाचे लोक राहतात. हक्का या शब्दाचा अर्थ पाहुणी घराणी. शेकडो वर्षांपूर्वी लढाया आणि हालअपेष्टा यांमुळे त्यांचे पूर्वज उत्तरेकडून टप्प्याटप्प्याने दक्षिणेला सरकत आले. सपाट, पाण्याची जमीन आधीच्या लोकांकडे होती. यांच्या वाट्याला डोंगर, माळ आणि परक्यांचे टोमणे आले. पिढ्या गेल्या तरी नाव पाहुणेच राहिलं.

जमिनीवरून आणि पाण्यावरून भांडणं होत. ग्वांगदोंग प्रांतात १८५५ ते १८६७ या काळात हक्का आणि स्थानिक लोक यांच्यात मोठा रक्तपात झाला, गावंच्या गावं उजाड झाली. अशा ठिकाणी गावाने स्वतःला राखायला शिकणं भाग असतं. फुजियान प्रांतात हक्का लोकांनी मातीची प्रचंड गोल घरं बांधली. जाड भिंती, खाली खिडक्या नाहीत, आत यायला एकच मोठं दार, आणि आत सगळी भावकी. त्यांतली काही घरं २००८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवली आहेत.

याच लोकांत हाताने लढण्याच्या काही पद्धती वाढल्या. ग्वांगदोंगच्या पूर्व नदीच्या खोऱ्यात त्यांचा जोर होता. त्यांतली एक पद्धत प्रार्थनाकीटकाच्या नावाने ओळखली जाते. आपल्या शेतातही हा किडा दिसतो. हिरवा, लांबट, पुढचे दोन पाय हात जोडल्यासारखे धरून बसतो. या पद्धतीत फार उंच उड्या नाहीत, लांब पावलं नाहीत. जवळ उभं राहून, कोपर अंगाशी ठेवून, झटक्यात हात सोडायचा. आणि या पद्धतीची गोष्ट काय सांगतात? एका माणसाने या किड्याला पक्ष्याशी झुंजताना पाहिलं आणि त्यावरून डाव बसवले. काही जण मूळ नेऊन पोचवतात शाओलिन नावाच्या प्रसिद्ध मठापर्यंत.

बघा, आपल्याकडे वानर आणि गड, तिकडे किडा आणि मठ. गोष्टीचा साचा सारखाच. माणूस जे खडतर मेहनतीने, अनेकांकडून थोडं थोडं शिकून तयार करतो, त्याला एका पवित्र ठिकाणाशी आणि एका प्राण्याशी जोडतो. त्याने गोष्ट लक्षात राहते, शिकणाऱ्याच्या मनात आदर येतो, आणि आखाड्याला प्रतिष्ठा मिळते. पण कला खरी कुठे रुजली हे शोधायचं तर लोकांकडे पाहावं लागतं. ते कुठे राहत होते, त्यांना कशाची भीती होती, त्यांना कोण पोसत होतं, आणि ते कुठून कुठे गेले? हक्कांची पद्धत डोंगरातल्या गावांच्या आणि भावकीच्या गरजेतून वाढली. मल्लखांब वाढला पेशव्यांच्या आश्रयाने, कुस्तीच्या लाल मातीत, मारुतीच्या देवळाशेजारच्या तालमीत.

आणखी एक गोष्ट हक्का बायकांबद्दल. त्या काळी चीनमध्ये पुष्कळ घरांत लहान मुलींचे पाय घट्ट बांधून ठेवत, पाय लहान राहावेत म्हणून. त्या बायकांना आयुष्यभर नीट चालता येत नसे. हक्का बायकांनी पाय बांधले नाहीत. कारण सरळ होतं. त्यांना शेतात राबायचं होतं, डोंगर चढायचे होते, ओझी वाहायची होती. बाईच्या पायावर घर चालतं हे त्या समाजाला मान्य करावं लागलं. आपल्या घरांतही तसंच नाही का? डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणारी बाई चालते, आणि तिची मुलगी दोरीवर चढली की चालत नाही. हा हिशेब कुठला?

पेशवाई गेली, खांब पसरला

परत आपल्याकडे येऊ. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. दुसरे बाजीराव इंग्रजांच्या पहाऱ्यात कानपूरजवळच्या बिठूरला गेले, आणि १८५१ मध्ये वारेपर्यंत तिथेच राहिले. त्यांच्याबरोबर आश्रित, शास्त्री, पागा आणि तालमीची माणसंही गेली. बाळंभटदादाही उत्तरेकडे गेले. मल्लखांबही घर सोडून निघाला तो असा. हक्कांसारखाच पाहुणा झाला म्हणा.

काशीला मराठी लोकांची वस्ती होती, तिथे देवधरांच्या शिष्यपरंपरेतला आखाडा झाला. बिठूरला नानासाहेब, तात्या टोपे यांच्या लहानपणी हा व्यायाम चालत असे असं सांगतात. आणि त्याच अंगणात मोरोपंत तांब्यांची लेक मनू वाढली. तीच पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई. तिने मुलांबरोबर घोडा, तलवार आणि मल्लखांब शिकल्याची आठवण परंपरेत जपलेली आहे. तेव्हा "पोरींनी खांबावर कशाला चढायचं" असं कुणी म्हटलं, तर त्यांना सांगा की ज्या राणीची चित्रं आपण शाळेच्या भिंतीवर लावतो, तिचं लहानपण कोणत्या अंगणात गेलं ते आठवा.

मग हा खेळ बडोद्याला रुजला. सयाजीराव गायकवाडांच्या संस्थानात व्यायामाला मान होता. तिथल्या एका उस्तादांचं नाव जुम्मादादा, आणि त्यांचे नामांकित शिष्य प्राध्यापक माणिकराव. गुरूच्या नावानेच तिथे जुम्मादादा व्यायाम मंदिर उभं राहिलं. तालमीच्या मातीत गुरू कोणत्या घरचा, शिष्य कोणत्या घरचा हे विचारत नाहीत, हे यातून दिसतं. बडोद्यातच दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांत सिद्ध केला. त्यामुळे तोंडी चालत आलेली ही विद्या मराठीत कागदावर आली.

अमरावतीला १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. या मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ करून दाखवले. मुंबईत दादरला १९२५ मध्ये श्री समर्थ व्यायाम मंदिर सुरू झालं. आमच्या नाशिक शहरातही यशवंत व्यायामशाळेने मल्लखांबाची परंपरा जपली आहे. उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर या मराठी सरदारांच्या शहरांतही खांब रुजला, इतका की मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांबाला आपला राज्य खेळ ठरवलं. १९८१ मध्ये मल्लखांबाची पहिली स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धाही उज्जैनलाच झाली.

म्हणजे निफाडच्या माणसाचा खेळ माळव्यात जाऊन राज्य खेळ झाला. लेक सासरी जाऊन नाव काढते तसं. पण माहेरी तिची आठवण राहिली पाहिजे.

मुली कधी आल्या

खरं सांगायचं तर गावातली तालीम ही बऱ्याच काळापर्यंत पुरुषांचीच जागा होती. लंगोट, तेल, लाल माती आणि मारुतीचं देऊळ. बाईने तिकडे वाकून बघायचं नाही, अशीच रीत. मुलींसाठी पुढे दोरीचा मल्लखांब पुढे आला. अंगभर कपडे घालून करता येतो, जागा कमी लागते, आणि शाळेच्या एका मजबूत आढ्यालाही दोरी टांगता येते. महाराष्ट्रात शाळाशाळांतून मुली दोरीवर चढू लागल्या. स्पर्धांत मुलींसाठी दोरी हा मुख्य प्रकार झाला. आता मुली पुरलेल्या खांबावरही उतरल्या आहेत.

२०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. परदेशातल्या मुलीही त्यात होत्या. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया युवा स्पर्धांत मल्लखांबाचा समावेश झाला. आणि २०२१ मध्ये मुंबईच्या हिमानी परबला मल्लखांबासाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. पैलवानांच्या म्हटल्या जाणाऱ्या या खेळात तो मान एका मुलीच्या नावावर जमा झाला.

आणि खेळात नाव काढायला शहरातच जन्मावं लागतं असं नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत आठवा. आदिवासी पाड्यावरची मुलगी, डोंगरवाटांवर धावणारी. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरच्या शर्यतीत तिने पदक आणलं. खेळ निराळा, पण पाय आपल्याच मातीतले.

यात खरं पणाला काय लागलंय

मैत्रिणींनो, आपल्याला पदकं मिळाली तर आनंदच आहे. पण आमच्या मनात दुसरी गोष्ट आहे. आपल्या गावात मुलगी पाचवी-सहावीपर्यंत पळते, लंगडी खेळते, झाडावर चढते. मग पाळी सुरू होते आणि एका वर्षात तिचा खेळ थांबतो. "आता मोठी झालीस" हे वाक्य आपणच म्हणतो. त्याच वयात तिच्या भावाला आपण तालमीत, मैदानावर पाठवतो. हाडं आणि स्नायू भरायचं वय दोघांचं सारखंच असतं. मुलीला ते वय पुन्हा मिळत नाही. पुढे बाळंतपणं, ओझी, वाकून करायची कामं, हे सगळं त्याच शरीरावर येतं.

मल्लखांबाने हाताची पकड, खांदे, पोट आणि पाठ यांचे स्नायू बळकट होतात, अंग लवचिक होतं, तोल सुधारतो. त्याहून मोठं म्हणजे भीती जाते. जमिनीपासून आठ फूट वर, डोकं खाली, पाय वर, आणि आपलं वजन आपणच पेललंय, हे जिने अनुभवलं तिची मान सहसा खाली जात नाही. हे आमचं नुसतं कौतुक नाही. कुणी अंगावर आलं तर हात झटकायला, ओरडायला, पळायला शरीरावर विश्वास लागतो. तो भाषणाने येत नाही, सरावाने येतो.

पण काळजीही तितकीच घ्यावी लागते.

पहिली काळजी रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांचं रक्त कमी आढळलं आहे. कमी रक्ताची मुलगी लवकर दमते, तिला चक्कर येते, आणि उंचावर चक्कर येणं धोक्याचं. म्हणून सुरू करण्याआधी उपकेंद्रात किंवा शाळेच्या तपासणीत हिमोग्लोबिन बघून घ्या. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली खरंच घेतात का, हे विचारा. रिकाम्या पोटी घ्यायची नाही, जेवणानंतर घ्यायची. सरावाआधी पोट अगदी रिकामं नको आणि तडस लागेपर्यंत भरलेलंही नको. आधी एखादं केळं किंवा शेंगदाणे-गूळ, नंतर डाळ-भाकरी, उसळ, जमेल तेव्हा अंडं किंवा दूध.

दुसरी काळजी शिकवणाऱ्याची. मोबाइलवर बघून मल्लखांब शिकायचा नसतो. शिकलेला मार्गदर्शक हवा, तो पहिले काही दिवस उंचावर जाऊच देत नाही. जमिनीवरचे व्यायाम, लवचिकपणा, पडायचं कसं, हे आधी. मुलगी वर असताना खाली उभं राहून सावरणारं माणूस हवंच. जमलं तर शिकवणारी बाई शोधा. पुरुष शिक्षक असतील तर सरावाच्या वेळी गटातली एक तरी बाई तिथे बसू द्या. यात कुणावर संशय नाही. मुलींना आणि शिक्षकांनाही त्याने मोकळं वाटतं.

तिसरी काळजी दोरीची आणि जागेची. विहिरीची दोरी, नायलॉनचा दोर, झोपाळ्याची साखळी यावर हा खेळ करायचा नाही. हातापायाची सालटं जातात आणि गळफासासारखा अपघात होऊ शकतो. दोरी सुती, मल्लखांबासाठीचीच हवी. आढं किंवा लोखंडी चौकट किती वजन पेलते हे जाणकार मिस्त्रीकडून तपासून घ्या. खाली जाड गादी हवी. दोरीला झीज दिसली की ती बदला. एकट्या मुलीने सराव करायचा नाही, आणि सराव संपला की दोरी वर गुंडाळून ठेवायची, म्हणजे लहान पोरं खेळायला जाणार नाहीत.

चौथी गोष्ट पाळीची. पाळीत व्यायाम केल्याने गर्भाशयाला काही होत नाही. बरं वाटत असेल तर करावा, पोटात फार दुखत असेल तर विसावा घ्यावा. ते मुलीने ठरवायचं, आपण तिला ओरडायचं नाही. कपडे अंगाला नीट बसणारे असावेत. ओढणी, सैल फ्रॉक, बांगड्या, गळ्यातली माळ, कानातलं, सगळं काढून ठेवायचं.

ज्यांना हृदयाचा, फिट्सचा किंवा हाडांचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चढू नये.

गावात सुरू करायचं तर

एकट्या आईचं म्हणणं विरून जातं. गटाचं म्हणणं कागदावर येतं. म्हणून ग्रामसभेआधी जी महिला सभा होते, तिच्यात हा विषय ठेवा. ठराव असा करा की गावच्या तालमीत किंवा शाळेत मुलींसाठी वेळ राखून ठेवावी, रोज नसली तर आठवड्यातून तीन दिवस. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. त्यातून गादी, दोरी घेता येईल का, हे ग्रामसेवकांना आणि सरपंचांना विचारा. व्यायामशाळेसाठी शासनाची अनुदान योजना आहे, तिची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळते. शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारा, कारण शालेय क्रीडा स्पर्धांत मल्लखांब असतो. एकदा दोन-चार मुली तालुक्याला खेळून आल्या की सासवांचा आवाज आपोआप बदलतो.

सासवांशी भांडू नका. त्यांना सरावाच्या जागी घेऊन या, पुढे खुर्ची द्या. त्यांनीही उभ्या आयुष्यात उखळ, जातं, मोट, हंडे ओढलेत. अंगातली ताकद काय असते हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना काळजी आहे ती नात पडेल याची आणि लोक बोलतील याची. पहिलीवर उपाय गादी आणि चांगला शिक्षक. दुसरीवर उपाय एकच, अनेक घरच्या मुली एकत्र. एक मुलगी गेली तर लोक बोलतात, पंधरा गेल्या तर लोक बघायला येतात.

ज्या गटाने प्रश्न विचारला, त्यांना आमचं उत्तर असं. मल्लखांब पैलवानांनी घडवला, पेशव्यांच्या पदरी वाढला, आपल्याच जिल्ह्यातल्या कोठुऱ्याच्या माणसाने त्याला नवं रूप दिलं, आणि राज्य गेल्यावर तो माणसांबरोबर देशभर फिरला. आज तो शिकेल त्याचा आहे. तुमच्या शाळेत शिकवणारं जाणतं माणूस असेल, गादी असेल, दोरी नीट असेल, तर मुलींना जाऊ द्या. नसेल, तर आधी ते मागा आणि मग जाऊ द्या.

पुढच्या बैठकीत गटात बोलायला हे चार प्रश्न ठेवा.

आपल्या गावात तालीम किंवा व्यायामशाळा आहे का, आणि तिची किल्ली कुणाकडे असते?

आपल्या मुलींनी खेळ कोणत्या वर्षी सोडला, आणि का?

गावातल्या किती मुलींचं हिमोग्लोबिन गेल्या वर्षात तपासलं गेलं?

महिला सभेत हा ठराव मांडायला आपल्यातली कोण उभी राहील?

उत्तरं लिहून आम्हाला पाठवा, आम्ही ती पुढच्या भाषणात वाचून दाखवू. आणि निफाडकडच्या कुणी ऐकत असाल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तालमीच्या जुन्या आठवणी विचारा, त्याही कळवा.